एमटीबीई खाणारे जिवाणू सबकल्चरमध्ये 'विसरतात' तेव्हा नेमकं काय जातं?

बेळगावच्या एका एम.एस्सी. विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. संकेश्वरजवळ हायवेला लागून असलेल्या एका जुन्या पेट्रोल पंपामागची माती आणली, मिनरल मीडियममध्ये (त्यात नुसते क्षार, कार्बनचं खाद्य नाही) पंपावरचं पेट्रोल आणि नंतर एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल इथर, पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला घालतात ते) घालून चार जिवाणू वेगळे काढले. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा शोधून वाढवणाऱ्या चाचणीत, अल्क-बी जीनचा बँडही आला. गाईडनी 'एमटीबीई विघटन करणारे जिवाणू' असं शीर्षक ठरवून टाकलं. मधल्या काळात कल्चर न्यूट्रिएंट ब्रॉथ या सकस खाद्यावर सांभाळली, दर वेळी थोडा भाग ताज्या ब्रॉथमध्ये नेत, म्हणजे सबकल्चर करत. आता थिसिससाठी पुन्हा एमटीबीईवर टाकली तर चारपैकी तीन ढिम्म. 'माझी कल्चर कंटॅमिनेट झाली, की ताकद गेली? आणि गेली तर कुठे गेली?'

मी बरीच वर्षं प्रदूषित मातीतल्या जिवाणूंवर काम करतो, आणि असा फोन दर वर्षी कुठून ना कुठून येतोच. 'ताकद गेली कुठे' हा प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: ती ताकद मुळात होती का? तुम्ही ब्रॉथ नेमकं कसं भरलं, झाकण कसलं होतं, एमटीबीई किती घातलं, हे लिहिलेलं नाही. त्यामुळे खालचं बरंचसं 'तुमच्याकडे असं असेल तर' या अटीवर वाचा.

पहिला संशय पेट्रोलवर. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, ऑक्टेन टिकवायला एमटीबीई वापरलं जाऊ लागलं. पण आज पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे हे कोणाला सांगायला नको. चिकोडी, अथणी, गोकाकच्या उसाचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथेनॉल खाणारे जिवाणू मातीत ढिगाने असतात. पंपाच्या पेट्रोलवर मिनरल प्लेटमध्ये दोन दिवसांत ठसठशीत कॉलनी आल्या असतील तर त्या बहुधा इथेनॉलवर वाढल्या. खात्री करायची असेल तर १०० मिलीच्या मोजपात्रात ५० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी घाला, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल खालच्या पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ ५० वरून ६० च्या आसपास चढलेली दिसते. हे करताना स्पिरिटचा दिवा दुसऱ्या खोलीत ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. तुमच्या पेट्रोलमध्ये एमटीबीई होतं की नाही हे रिफायनरीवर आणि त्या टँकरवर अवलंबून, म्हणून पेट्रोलवरची वाढ एमटीबीईच्या पुराव्यात धरूच नका.

दुसरा संशय कापसाच्या बोळ्यावर. एमटीबीई ५५ अंशाला उकळतं. शेकरवर कापसाचा बोळा लावलेल्या फ्लास्कमध्ये घातलेलं एमटीबीई एक-दोन दिवसांत हवेत जातं. मग मोजल्यावर 'नव्वद टक्के विघटन' दिसतं आणि जिवाणूंना फुकटचं श्रेय मिळतं. बाटली घट्ट बंद हवी आणि झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं, कारण साधं रबर एमटीबीई शोषून घेतं. सोबत मारलेल्या जिवाणूंची बाटली आणि जिवाणू न घातलेली बाटली, दोन्ही हव्यात.

पण बाटली बंद केली की ऑक्सिजनचा हिशेब लागू होतो, आणि तिथे बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. एक ग्रॅम एमटीबीई पूर्ण जाळायला साधारण २.७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १०० मिलीच्या बाटलीत २० मिली मीडियम घेतलं तर उरलेल्या ८० मिली हवेत, आपण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत हे धरून, जेमतेम २० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे ७ मिलिग्रॅमच्या वर एमटीबीई घालून उपयोग नाही. ५ मायक्रोलिटर घाला, ते पावणेचार मिलिग्रॅम होतं. कित्येक प्रोटोकॉलमध्ये डोळे मिटून 'एक टक्का' लिहिलेलं असतं. एक टक्का म्हणजे याच बाटलीत २०० मायक्रोलिटर, ज्याला चारशे मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल. जिवाणू गुदमरतात आणि आपण म्हणतो ताकद गेली. उलट बाजूही लक्षात ठेवा: पावणेचार मिलिग्रॅमवर ब्रॉथ फक्त किंचित धूसर होतं. दाट गढूळ झालं असेल तर ती वाढ दुसऱ्याच कशावर झाली आहे, बहुधा यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर.

आता अल्क-बीचा बँड. हा जीन पेट्रोलमधल्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांना ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमचा आहे आणि तेलकट मातीत तो जागोजागी सापडतो. पंपामागच्या मातीत तो न मिळता तरच मला नवल वाटलं असतं. एमटीबीईशी त्याचं नातं आहे, पण चुलत. कॅलिफोर्नियातल्या मेथिलिबियम पेट्रोलिफिलम पीएम-१ या जिवाणूत एमटीबीईवर पहिला घाव घालणारा एमडीपी-ए हा जीन अल्क-बीच्याच घराण्यातला निघाला. स्यूडोमोनास पुटिडा जीपीओ-१ चा अल्क-बी एमटीबीई थोडंफार तोडतोही, पण त्यावर तो जिवाणू जगत नाही. दुसरं काही खाता खाता जाताजाता तोडतो. सर्वसाधारण प्रायमरने (पीसीआरला कुठला जीन शोधायचा ते सांगणारा डीएनएचा छोटा तुकडा) आलेला बँड या तिघांपैकी कोणाचा आहे ते जेलवर कळत नाही. सिक्वेन्स करून घ्या, नाहीतर थिसिसमध्ये 'अल्केन खाण्याची क्षमता असू शकते' एवढंच लिहा. परीक्षकाने विचारलं तर तेवढंच टिकेल.

समजा हे सगळं तुम्ही नीट केलं होतं आणि चौघांपैकी एखाद-दोन खरोखर एमटीबीई खात होते. मग सबकल्चरमध्ये काय झालं असेल? इथून पुढे गुंता आहे, आणि मजाही.

एमटीबीई खाणं हे एका जीनचं काम नाही. पहिल्या टप्प्यात ऑक्सिजन जोडणारं एन्झाइम इथरचा बंध सोडवतं आणि टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल, म्हणजे टीबीए, उरतं. टीबीए चिवट आहे. ज्या कार्बनला ओएच चिकटलंय त्याच्यावर एकही हायड्रोजन नाही, त्यामुळे साध्या अल्कोहोलवर चालणारी डिहायड्रोजनेज एन्झाइम इथे हात टेकतात. त्यासाठी वेगळं एन्झाइम लागतं. पीएम-१ मध्ये त्याचे जीन एमडीपी-जे आणि एमडीपी-के. त्यातून डायऑल, मग २-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल तयार होतं. आणि शेवटी ते आम्ल कोएन्झाइम-ए ला जोडून, बी-१२ वर चालणारं एक म्युटेज एन्झाइम त्याच्या सांगाड्याची फेरमांडणी करून त्याला पेशीच्या नेहमीच्या वाटेवर आणून सोडतं. हे म्युटेज २००६ मध्ये जर्मनीत अ‍ॅक्विन्कोला टर्शियारिकार्बोनिस एल-१०८ या जिवाणूत सापडलं. तो जिवाणू लॉयनाच्या एमटीबीईने प्रदूषित भूजलातून काढलेला. पहिला टप्पा, मधला टप्पा, शेवटचा टप्पा: तिन्हींचे जीन वेगवेगळे, आणि एक जरी गेला तरी प्लेटवर उत्तर एकच दिसतं, 'वाढ नाही'.

हे जीन बसलेत कुठे ते पाहिलं की तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. पीएम-१ चा जीनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४० लाख बेसचं (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) मुख्य गुणसूत्र आणि वर सुमारे सहा लाख बेसचा एक महाकाय प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा वेगळा तुकडा. एमटीबीईचे जीन त्या प्लाझ्मिडवर. त्या प्लाझ्मिडवर इकडून तिकडे उड्या मारणारे इन्सर्शन सिक्वेन्स भरपूर, आणि मोठमोठे पुनरावृत्त तुकडेही. दुसऱ्या ठिकाणच्या नातलग जिवाणूंशी तुलना केली तर प्लाझ्मिड जवळजवळ ९९ टक्के सारखा, पण मुख्य गुणसूत्रं मात्र इतकी वेगळी की त्याच पद्धतीने तुलनाच करता येईना. म्हणजे हा प्लाझ्मिड बहुधा अलीकडेच एका जिवाणूतून दुसऱ्यात फिरला आहे. जे इतक्या सहज येतं ते तितक्याच सहज जातंही.

त्याहून बोलकं उदाहरण फ्रान्सचं आहे. ऱ्होडोकॉकस रबर आयएफपी २००१ हा जिवाणू एमटीबीईच्या सख्ख्या भावावर, ईटीबीईवर, वाढतो. त्याचं काम सायटोक्रोम पी-४५० कुळातल्या एन्झाइमवर चालतं आणि त्याचे ईथ-आर, ए, बी, सी, डी हे जीन शेजारी शेजारी बसलेत. या गटाच्या दोन्ही बाजूंना ५.६ हजार बेसचे दोन तंतोतंत सारखे तुकडे, एकाच दिशेने. पेशीच्या दुरुस्तीयंत्रणेला दोन सारखे तुकडे दिसले की ती कधी कधी ते एकमेकांना जोडून मधला भाग कापून टाकते. इथे एका फटक्यात १४.३ हजार बेस उडतात, ईथ जीन सगळे त्यातच. मागे सारख्या तुकड्याची एकच प्रत उरते. असे उत्परिवर्तित जिवाणू आपोआप तयार होतात, कोणी काही न करता. तुमच्या तिघांचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण 'ताकद गेली' याचा अर्थ डीएनएच्या पातळीवर किती ठोस असू शकतो ते यावरून कळावं.

जीन जाणं ही रोजचीच गोष्ट. खरा प्रश्न हा की गमावलेले जिवाणू बाटलीत बहुसंख्य कसे होतात. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये एमटीबीईच्या जीनचा काडीचा उपयोग नाही. हंगाम संपल्यावर ऊसतोडणीची टोळी कोणी पोसत नाही, तसंच आहे हे. सहा लाख बेस दर वेळी कॉपी करण्याचा खर्च वाचला की गमावलेली पेशी थोडी भराभर वाढते. आकडा मांडून बघा. तुम्ही दर वेळी एकाला शंभर असं सबकल्चर करता, म्हणजे एका सबकल्चरमध्ये ६.६ पिढ्या. समजा सुरुवातीला हजारात एक पेशी जीन गमावलेली आहे आणि इतर दहा वेळा विभागतात तेव्हा ती अकरा वेळा विभागते. दहा सबकल्चरनंतर तिचं प्रमाण शंभरपट होऊन दहाला एक होतं. वीस सबकल्चरनंतर गमावलेल्या दहा आणि शाबूत एक. दहा टक्क्यांचा फायदा हा मी धरलेला आकडा, तुमच्या जिवाणूत तो कमीही असेल. ईथ जीनसारखे काही गट गरज नसताना बंद असतात, तेव्हा बोजाही कमी. पण दिशा तीच.

आता जीन शाबूत असूनही वाढ न होण्याचं एक कारण, जे लोक हमखास विसरतात: कोबाल्ट. शेवटचं म्युटेज बी-१२ वर चालतं आणि बी-१२ च्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. तुमच्या मिनरल मीडियमच्या ट्रेस एलिमेंटमध्ये कोबाल्ट क्लोराइड आहे का? बरेच विद्यार्थी लोह, मॅंगनीज, जस्त घालून थांबतात. न्यूट्रिएंट ब्रॉथमधून आलेल्या पेशी सोबत थोडा साठा आणतात, एखाद-दुसरी बाटली चालते आणि मग काम ठप्प होतं. बाहेरून बघणाऱ्याला हे हुबेहूब 'ताकद गेली' असंच दिसतं. बेसाल्टच्या मातीत कोबाल्ट बऱ्यापैकी असतो, त्यामुळे संकेश्वरच्या मातीत जे जमतं ते तुमच्या काचेच्या बाटलीत जमेलच असं नाही. एका बाटलीत लिटरला ५० मायक्रोग्रॅम या हिशेबाने बी-१२ गाळून घाला आणि फरक पडतो का बघा. हा प्रयोग स्वस्त आहे म्हणून तो सगळ्यांत आधी करा.

आणि थोडा धीर धरा. न्यूट्रिएंट ब्रॉथवर सुखावलेली पेशी एमटीबीईवर आली की तिला जीन चालू करायलाच वेळ लागतो, आणि या जिवाणूंची वाढ मुळातच रडतखडत असते. तीन-चार आठवडे वाट बघितल्याशिवाय 'वाढ नाही' लिहू नका.

यानंतर गेलेला टप्पा कोणता ते शोधायला मी एक शिडी वापरतो, आणि तिला जीसी, म्हणजे एमटीबीई मोजायचं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र, लागत नाही. चार प्रकारचं मिनरल मीडियम करा: काहीच कार्बन नसलेलं, २-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल घातलेलं, टीबीए घातलेलं आणि एमटीबीई घातलेलं. आम्ल तुम्हाला रसायनं पुरवणाऱ्याकडून पावडर म्हणून मिळेल. ते उडून जात नाही, सामू सातला आणला की साध्या प्लेटवर चालतं. टीबीए ८२ अंशाला उकळतं, जरा सांभाळावं लागतं. चारही जिवाणू चारही ठिकाणी लावा. आम्लावर वाढ आहे, टीबीएवर आहे आणि एमटीबीईवर नाही, तर पहिला टप्पा गेला. आम्लावर आहे पण टीबीएवर नाही, तर मधला. पहिला शाबूत आहे का ते मग वेगळं बघावं लागेल. आम्लावरही नाही, तर म्युटेज किंवा कोबाल्ट, किंवा ही क्षमता त्याच्यात कधी नव्हतीच. आणि कार्बन नसलेल्या प्लेटवरही कॉलनी दिसल्या तर आगारमध्येच खाण्याजोगं काही आहे. मग सगळं पुन्हा, धुतलेल्या आगारवर. एक अपवाद लक्षात ठेवा. आयएफपी २००१ सारखे जिवाणू इथरचा फक्त छोटा तुकडा खातात आणि टीबीए तसंच सोडून देतात. असा जिवाणू टीबीएवर वाढणार नाही, तरी त्याचा पहिला टप्पा धडधाकट असतो.

कंटॅमिनेशनचा प्रश्न आता सोपा होतो. सुरुवातीचा ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेला मूळ जिवाणू, तुमच्याकडे आहे असं मी गृहीत धरतो. नसेल तर मातीच्या मूळ नमुन्यावरून पुन्हा सुरुवात करा, वाद घालण्यात अर्थ नाही. स्टॉकमधला आणि आत्ताचा जिवाणू दोघांचा ईआरआयसी-पीसीआर (जिवाणूच्या डीएनएचा बोटांच्या ठशासारखा पट्ट्यांचा नमुना देणारी चाचणी) एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा. पट्टे वेगळे आले तर कंटॅमिनेशन. पट्टे सारखे पण शिडीवर निकाल वेगळा, तर जीन गेलाय किंवा मीडियममध्ये खोट आहे. मग एमडीपी-ए, एमडीपी-जे आणि ईथ-बीच्या प्रायमरने दोघांचा पीसीआर करा. स्टॉकमध्ये बँड आहे आणि आत्ताच्यात नाही, हे चित्र मिळालं तर तुमचा प्रोजेक्ट पहिल्यापेक्षा चांगला झाला असं समजा. दोघांतही बँड नाही, तर घाबरू नका: एमटीबीई खाणाऱ्या प्रत्येकाकडे हेच जीन असतात असं नाही, तुमचा जिवाणू वेगळ्या घराण्यातला असू शकतो.

१६-एस सिक्वेन्सवरून, म्हणजे जिवाणूची जात ओळखायला वाचतात त्या जीनवरून, मात्र या प्रश्नाचं उत्तर शोधू नका. प्लाझ्मिड आला काय नि गेला काय, १६-एस तेच राहतं. 'हा ऱ्होडोकॉकस आहे म्हणजे एमटीबीई खाणारच' असं वाक्य मी अनेक थिसिसमध्ये वाचलंय आणि दर वेळी खोडलंय.

चौथा जिवाणू, जो अजून वाढतोय, त्याच्याकडे आधी लक्ष द्या, तो सर्वांत मोलाचा. आजच एमटीबीईच्या बाटलीतून, न्यूट्रिएंट ब्रॉथमधून नव्हे, त्याचे डझनभर ग्लिसरॉल स्टॉक करा आणि उणे ८० ला ठेवा. कॉलेजात तेवढा फ्रीझर नसेल तर शेजारच्या एखाद्या विभागाला विनंती करा. रोजच्या वापराचं कल्चर एमटीबीई किंवा टीबीएवरच सांभाळा, वेळ लागला तरी. त्यातला थोडा भाग मुद्दाम न्यूट्रिएंट ब्रॉथवर दहा-पंधरा सबकल्चर न्या, मग शंभर कॉलनी टाचणीने उचलून एकेक न्यूट्रिएंट प्लेटवर आणि एकेक टीबीएच्या प्लेटवर, त्याच जागी टेका. टीबीएवर न वाढणारी कॉलनी मिळाली की मूळ जिवाणूच्या शेजारी तिचा प्लाझ्मिड प्रेप चालवा, पण इतके मोठे प्लाझ्मिड साध्या किटने येत नाहीत, त्यासाठी पल्स्ड-फील्ड जेल लागेल.

शीर्षकाबद्दल गाईडशी बोलायचं असेल तर हे निकाल हातात घेऊन बोला. तोवर 'पेट्रोल पंपाच्या मातीतील जिवाणूंमध्ये इथर-विघटन क्षमतेची स्थिरता' असं काहीतरी सुचवून बघा. बहुतेक गाईडना ते आवडतं, कारण त्यात 'नाही' हे उत्तरसुद्धा निकालच ठरतं. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा बाटलीचं आकारमान, मीडियम किती, एमटीबीई किती मायक्रोलिटर आणि झाकण कसलं, या चार गोष्टी पहिल्या ओळीत लिहा.